पंधरा नंबरची बिननंबरी गाडी

"ताई, कळलं का? पंधरा नंबरला ड्रॉइटविचचं पत्र आलं."

अण्णांना प्रस्तावना लागत नाही. ब्रायटनजवळच्या आमच्या गल्लीत परसापरसांमध्ये उंच लाकडी फळ्यांचं कुंपण आहे. आमच्या दोघांच्या मधली एक फळी वादळात निसटली, ती कुणीच परत बसवली नाही. सोय झाली. त्या फटीतून तिकडची कोथिंबीर इकडे येते, इकडची पोह्यांची वाटी तिकडे जाते, आणि बातम्या दोन्ही बाजूंनी वाहतात. अण्णा मूळचे इचलकरंजीचे. वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, स्वतः फिटर. विलायतेतल्या कारखान्यांत उभी हयात गेली, पण बोली पंचगंगेच्या काठावरची तशीच राहिली.

"कसलं पत्र?" मी वाळत घालायचे कपडे तसेच बादलीत सोडले.

"गाडीच्या जल्माचा दाखला म्हणा की! आमच्या हिला सांगून आलो, आता तुमास्नी सांगतो."

पंधरा नंबर म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातले गोरे आजोबा. त्यांना चांगलं नावगाव आहे, पण आमच्या कुंपणावर ते पंधरा नंबरच. निवृत्त झाल्यावर माणूस गुलाब लावतो, गोल्फ खेळतो, निदान बायकोशी भांडतो. यांनी ट्रेलरवर घालून एक गंजका गोळा आणला. ज्या शेतकऱ्याच्या कोठारात तो पडून होता, तिथल्या कोंबड्यांची पिसंसुद्धा बरोबर आली. "जुना फ्रीज आणलाय वाटतं म्हाताऱ्यानं," आमचे हे खिडकीतून बघून म्हणाले होते.

गंमत अशी, की ह्यांचा नेम फार लांब पडला नव्हता. ती गाडी निघाली इसेटा. इटलीत मिलानजवळ ब्रेसो गावी इसो नावाची कंपनी होती, मालक रेन्झो रिवोल्ता. आधी धंदा फ्रिजांचा, मग स्कूटरचा, आणि १९५३ साली त्यांनी ही चिमुकली मोटार काढली. गाडीचं पुढचं अख्खं तोंड म्हणजेच तिचं दार. मूठ फिरवली की नाक बाजूला होतं, दाराबरोबर स्टिअरिंगचा दांडाही बाहेर झुलतो, आणि माणसं समोरून आत शिरून बाकावर बसतात. लांबी सव्वादोन मीटरच्या आसपास. आमचा सोफा याहून फार लहान नाही.

पुढे बीएमडब्ल्यूनं परवाना विकत घेतला आणि १९५५पासून जर्मनीत ती बनवायला सुरुवात केली. आज ज्या कंपनीचं नाव घेताना लोक मान ताठ करतात, तिच्या मोठ्या गाड्यांना तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. या एका सिलिंडरच्या, तेरा घोड्यांच्या गाडीनं तिला वाईट दिवसांत तगवलं. १९६२पर्यंत जर्मनीत एक लाख साठ हजारांवर इसेटा तयार झाल्या. इंजिन मूळचं बीएमडब्ल्यूच्याच मोटारसायकलचं, आधी अडीचशे सीसीचं, मग तीनशेचं. हे सगळं मला अण्णांनी सांगितलं, कारण पंधरा नंबरच्या गॅरेजात त्यांची रोजची हजेरी. काकू म्हणतात, "आमच्या लग्नात सुद्धा इतक्या वेळेवर आले नव्हते."

"पन ही जर्मनीची न्हाई, ताई. ही आपल्या ब्रायटनची लेक. स्टेशनाच्या अंगाला आगगाडीची इंजिनं बांधायचा जुना कारखाना व्हता, तिथं १९५७ला ह्या गाड्या जुळवाय लागले. आता बगा, मोटारीचा कारखाना, आन कारखान्याला रस्ताच न्हाई! सामान रेल्वेनं यायचं, तयार गाड्या रेल्वेनंच जायच्या. आपल्याकडं असं कोन बोललं असतं तर लोक हसले असते."

"मग घ्यायचं कोण त्या?"

"घ्यायचे की! आदल्या साली सुएझचा कालवा बंद पडलेला. पेट्रोल रेशनवर. तवा थोडक्यात भागवनारी गाडी म्हंजे सोनं."

आणि हिशेबी इंग्रजानं त्यातही हिशेब केला. मागे दोन चाकांऐवजी एकच चाक लावलं, की कायद्यानं ती तिचाकी ठरायची. कर कमी. वर मोटारसायकलच्या परवान्यावर चालवता यायची. फक्त अट अशी, की गाडीला रिव्हर्स नसावा. म्हणून तो गिअर बंद करून टाकलेला असायचा. मग अण्णांची लाडकी गोष्ट येते, ती या गल्लीत प्रत्येकानं ऐकली आहे: कुणीतरी नवी इसेटा घेऊन गॅरेजात शिरतो, नाक भिंतीला टेकवतो. आता पुढचं दार उघडत नाही आणि गाडी मागे जात नाही. रात्रभर आत. खरी की थाप, देव जाणे. पण कापडी छत सरकवून वरून निघता यायचं, ती सोय अपघातासाठी मुद्दाम ठेवलेली होती. त्यामुळे तो गडी रात्रभर आत राहिला असेल तर स्वतःच्या आळसानं राहिला असेल.

आणखी एक गोम. उजव्या हाताच्या स्टिअरिंगची गाडी केली तर ड्रायव्हर उजवीकडे, आणि इंजिनही उजवीकडेच. मागे चाक एकच. तोल जाणार. म्हणून डाव्या बाजूला मुद्दाम वजन बसवलेलं असतं. पंधरा नंबरनी गाडी खोलली तेव्हा तो लोखंडाचा ठोकळा बघून अण्णा खूश झाले. "शेजारी बायकू बसली न्हाई तर तिच्या जागी ह्यो," असं ते काकूंसमोर बोलले. त्या दिवशी त्यांना जेवण उशिरा मिळालं.

गाडीच्या दुरुस्तीचं म्हणाल, तर त्यात गल्लीचा हात लागला. सांगाड्यावरून वरची खोळ उचलायला यंत्र लागत नाही, चार माणसं पुरतात. आमच्या ह्यांना बोलावलं होतं. उचललं चौघांनी, कंबर मात्र एकाचीच धरली. खालचा पत्रा कुजून चाळण झालेला, आणि दाराच्या खालच्या कडेला नुसता रंग उरला होता, लोखंड नव्हतं. पाणी साचायची जागा तीच. तो तुकडा कापून नवा पत्रा वळवून जोडण्यात अण्णांचा खरा कस लागला. नवा तुकडा बाजारात मिळतो, इसेटावाल्यांचे क्लब रबरापासून पत्र्यापर्यंत बरंच काही पुन्हा घडवून घेतात. पण अण्णांना विकतचा पत्रा म्हणजे हातपाय असताना दुसऱ्याकडून चप्पल घालून घेण्यातला प्रकार वाटतो.

मागच्या चाकाला ताकद साखळीनं जाते. ती साखळी तेलानं भरलेल्या बंद पेटीत फिरते. पेटी उघडली तर तेलाच्या जागी गोंदासारखं काहीतरी निघालं, आणि ते अण्णांनी मला एका बरणीत घालून दाखवायला आणलं होतं. नको म्हटलं तरी. गाडी सुरू करणारी मोटर आणि वीज बनवणारा डायनामो या गाडीत एकच असतो, डायनास्टार्ट म्हणतात त्याला. त्याची गुंडाळी काकूंच्या ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवली, हे काकूंना नंतर कळलं. तरी त्या माऊलीनं छताचं कापड स्वतःच्या शिवणयंत्रावर शिवून दिलं, दुहेरी टीप मारून. पंधरा नंबर ते हातात घेऊन किती वेळ उलटंपालटं करत होता म्हणे. आता मला विचाराल, तर सगळ्या गाडीत नीट बसलेली पहिली गोष्ट तीच.

सात नंबरच्या बाईंना मात्र हे सगळं खटकत होतं. रविवारी ग्राइंडर चालतो ही तक्रार होतीच. त्यात त्यांनी नवी बातमी उठवली: "त्याला गाडीत रस नाहीये, नंबरात आहे. जुना नंबर मिळवून विकणार."

ही गोष्ट आपल्याकडच्या माणसाला चटकन समजत नाही. इथे गाडीचा नंबर गाडीपासून सोडवून दुसऱ्या गाडीला लावता येतो आणि विकताही येतो. १९६३पर्यंतच्या नंबरांत सालाचं अक्षर नसतं, त्यामुळे तो नव्या कोऱ्या गाडीला लावला तरी चालतो, वर मालकाच्या नावाची आद्याक्षरं जुळली तर विचारूच नका. कितीतरी जुन्या गाड्यांचे नंबर असे काढून घेतले गेले आणि गाड्या भंगारात गेल्या. तेव्हा सात नंबरच्या बाई अगदीच वाऱ्यावर बोलत नव्हत्या. मी हे अण्णांच्या कानावर घातलं. बातमी आली की पुढे द्यायची, हा कुंपणाचा धर्म आहे.

अण्णा भडकले. "त्या बाईला म्हनावं, आधी कायदा वाच. परत मिळवल्याला नंबर इकता येत न्हाई. त्याच गाडीला खिळा ठोकून बसतो. पंधरा नंबरला त्येच्यातनं दमडी मिळनार न्हाई, उलट खिशातलीच जानार."

"मग एवढा जीव का काढतोय? नवा नंबर घ्यावा की."

"मिळतोय की नवा! म्हंजे त्या सालाला साजंल असा जुन्यावानी नंबर देतात. पन तो ह्या गाडीचा न्हवं, उसना. आन गाडी कुठल्या सालची, हेच सिद्ध झालं न्हाई, तर 'क्यू'नं सुरू व्हनारी पाटी देतात. बेवारशी पोरागत."

इथवर आलं की मग कपडे वाळत घालायचं राहूनच जातं. अण्णांनी सांगितलेलं सगळं जरा उलगडून सांगते, कारण ते एका दमात इतकं बोलतात की अर्धं कुंपणातच अडकतं.

या देशात मोटारींना नंबर सुरू झाले १९०४ साली. नंबर द्यायचं काम एका कुठल्या दिल्लीश्वराकडे नव्हतं, ते त्या त्या परगण्याच्या आणि मोठ्या शहराच्या कौन्सिलकडे होतं. प्रत्येकाला ठरावीक अक्षरं. तीन अक्षरांचा नंबर असेल तर शेवटची दोन बघायची, गाडी कुठे नोंदली ते कळतं. ब्रायटनची सीडी आणि यूएफ. कौन्सिलात जाडजूड नोंदवह्या असायच्या: नंबर, तारीख, गाडीची बनावट, चॅसी नंबर, रंग, मालक. मालकाच्या हातात लॉगबुक असायचं, त्यात गाडी विकली की नव्या मालकाचं नाव आणि कौन्सिलचा शिक्का. पुढे सत्तरच्या दशकात सगळं वेल्समधल्या स्वान्सीला एका छताखाली गेलं, संगणक आला. चालत्या गाड्यांची माहिती तिकडे चढली. पण कोठारात, खळ्यात, विधवेच्या गॅरेजात झोपलेल्या गाड्यांचं काय? त्यांना मुदत दिली, १९८३च्या नोव्हेंबरअखेर. तोवर कळवलं नाही त्यांचे नंबर सरकारदरबारी बंद. नंतर ओरड झाली तेव्हा एक वाट काढली: सात-सहा-पाच नंबरचा अर्ज. म्हणजे जुना पुरावा आणा, त्या गाडीच्या मान्यताप्राप्त क्लबाची शिफारस आणा, आणि नंबर परत घ्या.

तर पुरावा आणायचा कुठून? कोठारातून आणलेल्या त्या इसेटाला पाटी नव्हती. पुढची नाही, मागची नाही.

"मग मी केलं ना काम!" अण्णा म्हणाले. हे त्यांनी मला चौथ्यांदा की पाचव्यांदा सांगितलं, पण दर वेळी नवं काहीतरी निघतं. गाडीचा रंग लाल. घासत गेलं तर खाली निळा. त्या निळ्यावर नाकाच्या मधोमध रंगवलेल्या अक्षरांची पुसट कड दिसली. काही लोक पुढचा नंबर पाटीवर न घेता सरळ पत्र्यावरच रंगवून घ्यायचे. अण्णांनी पाण्याचा कागद हातात घेतला आणि ग्राइंडर बंद करायला लावला. सात नंबरच्या बाईंना त्या रविवारी शांतता मिळाली ती यामुळे. अक्षरं तिन्ही स्वच्छ वाचता आली. आकडे मात्र गोंधळाचे. मधला आकडा तीन की आठ, यावर गॅरेजात दोन तट पडले. पंधरा नंबर म्हणे तीन, अण्णा म्हणे आठ.

एक गोष्ट मात्र ठरली. शेवटची दोन अक्षरं ब्रायटनची नव्हती, वर मिडलंड्समधल्या एका परगण्याची होती. म्हणजे ब्रायटनला जन्मली, रेल्वेच्या वाघिणीत बसून सासरी गेली, आणि म्हातारपणी ट्रेलरवर माहेरी आली.

पुढचा पुरावा बाकाच्या खाली, स्प्रिंगांत अडकलेला. गोल कागद, रोड टॅक्स भरल्याची चकती. १९२१पासून २०१४पर्यंत ही चकती इथे प्रत्येक गाडीच्या काचेवर असायची. तिच्यावर नंबर असतो, बनावट असते. आकडा निघाला आठ. अण्णांनी त्या दिवशी घरी येताना गल्लीतल्या सगळ्यांना हात केला म्हणे.

मला वाटलं, झालं काम. पण नाही.

"चकतीवर नंबर हाय, गाडीचं नाव हाय. पन ती चकती ह्याच गाडीची कशावरनं? कोंच्याबी इसेटाची चकती बाकाखाली टाकता येती की. त्येस्नी लागतोय चॅसी नंबर आन गाडीचा नंबर, दोन्ही एका कागदावर. तेबी त्या काळच्या."

हे मला पटलं. आपण सरकारी माणसाला उगाच नावं ठेवतो, पण इतकी साधी शंका तिथे कुणीतरी आधीच काढून ठेवली आहे, नाहीतर प्रत्येक गंजक्या सांगाड्यावर चांगला नंबर चढला असता. आणि मग सात नंबरच्या बाईंचं खरं ठरलं असतं.

लॉगबुक असतं तर प्रश्नच नव्हता. पंधरा नंबर कोठारवाल्या शेतकऱ्याकडे परत गेला. तो म्हणाला, आईच्या मागे कागदांचं एक खोकं होतं, घर आवरताना जाळलं. इतकं सरळ सांगितलं त्यानं. अण्णा अजून त्या शेतकऱ्याचं नाव काढलं की गप्प होतात, आणि अण्णांना गप्प करणं सोपं नाही.

आता राहिल्या कौन्सिलच्या नोंदवह्या. स्वान्सीला कारभार गेल्यावर बऱ्याच ठिकाणी त्या अडगळ ठरल्या. काही कौन्सिलांनी जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात जपल्या, काहींच्या रद्दीत गेल्या. कित्येक ठिकाणच्या वह्या आणि फायली वुस्टरशरमधल्या ड्रॉइटविचला, किटहेड नावाच्या एका ट्रस्टनं सांभाळून ठेवल्या. ही बस आणि मोटारींच्या जुन्या कागदांची जागा. पंधरा नंबरनी तिथे लिहिलं: अक्षरं ही, आकडे हे, आमच्याकडचा चॅसी नंबर हा. चॅसी नंबर मिळवायला आणखी एक दुपार गेली होती. सांगाड्यावर ठोकलेला आकडा गंजानं भरलेला, तो तारेच्या ब्रशनं हलक्या हातानं साफ करून वर खडू घासला, तेव्हा उमटला.

"आन काल पत्र आलं," अण्णा पुन्हा पहिल्या वाक्यावर आले. "वहीतल्या पानाची नक्कल, शिक्क्यासकट. चॅसी नंबर जुळला, शेवटच्या आकड्यापतूर. साल १९५९. रंग निळा! म्या म्हटलं व्हतं, निळा. फकस्त इंजिनाचा आकडा येगळा."

"अरे देवा. मग?"

"काय न्हाई. इंजिन बदलल्यालं असनार कधीतरी. चॅसी खरी तर गाडी खरी. पन ताई, खरी बातमी अजून सांगितलीच न्हाई. पैली मालकीन बाई हाय! कुमारी अमकीतमकी. कामाच्या जागी वहीत काय लिहून ठेवलंय म्हाईत न्हाई, पन पत्ता एका दवाखान्याचा."

इथे मात्र काकूंनी मागून स्वयंपाकघराची खिडकी उघडली. "नर्स असणार. रात्रीपाळीला जायला गाडी. १९५९ला एकटी बाई स्वतःच्या पैशानं गाडी घेते, आणि ह्या माणसानं मला अजून स्कूटर शिकू दिली नाही!"

त्या नर्सबाईंचं पुढे काय झालं हे शोधायला अण्णा आणि पंधरा नंबर दोघंही उतावीळ झाले आहेत. मी म्हटलं, नको. गाडीचा माग काढा, माणसाचा काढू नका. बाई हयात असतील, नसतील, आपण कोण? गप्पा मारताना सगळ्यांचं सगळं काढणारी मी हे म्हणते याचं अण्णांना हसू आलं. पण कुंपणावरची गोष्ट वेगळी, टपालानं कुणाच्या दारात जाणं वेगळं. काकूंचं मत माझ्या बाजूनं पडलं, म्हणून तो विषय तूर्त मिटला.

ह्या सगळ्यात अण्णांचा जीव इतका का गुंतला, ते मला मागाहून कळलं. त्यांच्या इचलकरंजीतच एका माणसानं छोटी मोटार केली होती. शंकरराव कुलकर्णी. गाडीचं नाव मीरा. चाळीसच्या दशकात त्यांनी हे वेड घेतलं आणि सत्तरच्या दशकापर्यंत एकामागून एक नमुने बांधले, रस्त्यावर चालवले. इंजिन मागे, आणि स्प्रिंगांच्या जागी रबर. साध्या माणसाला बारा हजारांत मोटार द्यायची, असा त्यांचा हिशेब होता. कारखाना काही उभा राहिला नाही.

"म्या बगितलीया ती, ताई. चड्डीत व्हतो. आमी पोरं मागं पळायचो. हितं ह्या गोऱ्यांनी फ्रीजवाल्याची गाडी डोक्यावर घेतली, म्युझियममधी ठेवली. बर्लिनच्या भिंतीच्या येळला हिच्या इंजिनाशेजारी मानूस लपवून सीमंपार नेला, त्येच्यावर सिनेमा काढला. आन आमच्या मीराचं? कोन इचारतंय?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी कोथिंबिरीची जुडी घेतली.

मग त्यांनी सांगितलं, की गावाकडे भाच्याला फोन लावून आपल्याकडचे नियमही विचारून ठेवलेत. आपल्याकडे २०२१च्या जुलैपासून जुन्या गाड्यांची वेगळी नोंदणी आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली, चॅसी-खोळ-इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज ठरते. नव्यानं नोंदवायची असेल तर वीस हजार रुपये भरून राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' असलेला नंबर मिळतो, दहा वर्षांसाठी. आणि आधीच नोंदलेली गाडी असेल तर तिचा मूळ नंबर ठेवता येतो, जुनं आरसी बुक दाखवलं की. रोजच्या वापराला मात्र बंदी, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची.

"म्हणजे पंधरा नंबरची गाडी इचलकरंजीत नेली तर?" मी विचारलं.

"बसत न्हाई! नियम दुचाकीला आन चारचाकीला. हिला चाकं तीन." अण्णा इतके हसले की पलीकडच्या बागेतलं मांजर पळालं. "इंग्रजांनी कर चुकवाया एक चाक कमी केलं, आन आपल्याकडं त्याच चाकापायी नोंदनी अडली असती."

गाडी अजून पुरी झालेली नाही. काचा बसायच्या आहेत, ब्रेकच्या नळ्या यायच्या आहेत. रंगावरून नवं भांडण आहे: नोंदवहीत निळा आहे म्हणून पंधरा नंबर निळा म्हणतो, आणि त्याच्या बायकोला लालच हवा, तिनं ट्रेलरवर पहिल्यांदा बघितली तेव्हा ती लाल होती म्हणून. मी निळ्याच्या बाजूनं आहे. सात नंबरच्या बाईंना नंबर विकता येत नाही हे मी सांगितलं, तर म्हणाल्या, "मग एवढा खर्च करायचा तरी कशाला?" आता त्यांना काय सांगावं? क्लबाची शिफारस मिळाली, अर्ज स्वान्सीला गेला. नंबर आला तर १९८०च्या आधी बनलेल्या गाडीला इथे काळी पाटी आणि रुपेरी अक्षरं लावता येतात, तशी पाटी अण्णांनी आताच बघून ठेवली आहे.

अण्णांनी मला एक काम सांगितलंय, ते इथे करून टाकते. इचलकरंजी, जयसिंगपूर, कोल्हापूर, सांगली या भागात कुणाच्या घरी मीरा मोटारीचा फोटो असेल, आरटीओचा एखादा कागद असेल, आजोबांच्या पत्रात तिचा उल्लेख असेल, तर घर आवरताना तो रद्दीत घालू नका आणि जाळू तर मुळीच नका. जवळच्या वाचनालयात किंवा नगरपालिकेच्या संग्रहात नेऊन द्या, मागच्या बाजूला साल, गाव आणि देणाऱ्याचं नाव पेन्सिलीनं लिहून.